तुपाचं बोट

करंजगडच्या संग्रहालयात चारशे बारा वस्तू होत्या आणि त्यातल्या चारशे अकरा शलाकाला जाम कंटाळवाण्या वाटायच्या. राजेसाहेबांच्या तलवारी, राजेसाहेबांचे जोडे, राजेसाहेबांनी मारून भुसा भरून उभे केलेले बिबटे. एका बिबट्याचा काचेचा डोळा कधीच पडून गेला होता, त्यामुळे तो येणाऱ्या प्रत्येकाला डोळा मारतोय असं वाटायचं. शाळांच्या सहली यायच्या, पोरं त्याच्यासोबत फोटो काढायची, खिदळायची, जायची.

पण चारशे बारावी वस्तू! तिच्यासाठी शलाका कुणाशीही भांडली असती.

तो होता चुनखडीचा दगड. दीड हात लांब, हातभर उंच. इजिप्तमधल्या कुठल्याशा सरदाराच्या थडग्यातल्या भिंतीचा तुकडा, वय वर्षं साडेचार हजार. राजेसाहेब विलायतेला निघाले होते, वाटेत कैरोला उतरले आणि विलायतेऐवजी हा दगड घेऊनच परत आले, अशी गावात कथा. दगडावर उठावात कोरून रंगवलेली शिकार होती. दोन्ही बाजूंना खांबांवर ताणलेलं जाळ्याचं कुंपण, म्हणजे जनावरांनी पळायचं तरी कुठं? डावीकडं धनुष्य ताणलेला शिकारी. गळ्यात पट्टे घातलेली कुत्री. एकानं हरणाचा गळा पकडलाय, दुसरं झेप घेतंय. झुडपामागं अंग चोरून बसलेला ससा. आणि ह्या सगळ्या धुमाळीच्या बरोब्बर मध्ये एक मोठी, तांबूस, वळणदार शिंगांची मादी उभी. तिच्या पोटाखाली वासरू दूध पितंय. ती पळत नाहीये. मान वळवून फक्त मागं बघतेय.

ती होती बुबल. उत्तर आफ्रिकेतलं हे मोठं हरीण माणसांनी मारून मारून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पार संपवलं होतं.

शलाकाचे बाबा, दिगंबर माळवदे, ह्या संग्रहालयाचे अभिरक्षक. दगडापासून हातभर अंतरावर त्यांनी पितळी कठडा घातला होता. कुणी वाकून बघायला लागलं की म्हणायचे, "श्वास जरा जपून. श्वासातही पाणी असतं." आणि ह्या अशा माणसाच्या नाकाखाली, दरवर्षी वसुबारसेला, शलाकाची आई त्या दगडाची पूजा करायची!

बाबा ऑफिसात डबा खायला बसले की आई कठड्याखालून आत शिरायची. संग्रहालय झाडणाऱ्या हौसाक्का दारात पहारा द्यायच्या. ही रीत आईला त्यांनीच शिकवलेली. त्यांच्या सासूला ती राणीसाहेबांनी घालून दिलेली.

"पण ती गाय नाहीये, हौसाक्का," लहानपणी शलाका सांगायची.

"आगं, शिंगं हायती, वासरू हाय, आचळाला लागलंय. गाय न्हाई तर काय कोंबडी हाय व्हय?"

आई हसायची. बाबांच्या डब्यातल्या वाटीतून आधीच काढून ठेवलेलं तूप बोटावर घेऊन ती वासराच्या तोंडाला लावायची, मादीच्या पाठीवरून फिरवायची, मग कापसानं पुसून घ्यायची. "गावातल्या गायींना सगळेच पुजतात गं," ती म्हणायची. "हिच्या मागं कुत्री लागलीत, समोर बाण रोखलाय, आणि ही उभी राहून लेकराला पाजतेय. हिला कोण आहे?"

आई गेली तेव्हा शलाका तेरा वर्षांची होती. त्यानंतरच्या दोन वसुबारसा तिनं एकटीनं केल्या. बाबांना ह्यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

आणि मग आल्या डॉ. फिरदौस इनामदार. मूळच्या मिरजेच्या, केस आखूड, चाल अशी की जिना चढताना दोन दोन पायऱ्या गिळायच्या. त्यांच्याबरोबर भाताच्या कुकरएवढं एक यंत्र होतं. त्याला त्या 'वेचणी' म्हणायच्या.

"सरस माहितीये ना?" त्यांनी शलाकाला विचारलं. "कातडं, खूर उकळून केलेला डिंक. ह्या कारागिरांनी गेरू दगडावर बसावा म्हणून तो सरसात कालवला. मी रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कण तपासला. सरस कुणाचं निघालं सांग."

"बुबलचं?" शलाका ओरडलीच.

"बुबलचं. जिला चितारलं, तिच्याच कातड्याचं."

पुढचं त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र फाडूनच दाखवलं. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत त्याचा डीएनए असतो, म्हणजे तो प्राणी कसा घडवायचा ह्याचा अख्खा मजकूर. कातडं उकळलं की त्या मजकुराच्या चिंध्या होतात. एरवी वाळवंटातल्या उन्हानं त्या चिंध्याही उरल्या नसत्या, पण चुनखडीचे कण त्यांना घट्ट धरून ठेवतात. वेचणी त्या कोट्यवधी चिंध्या गोळा करते, एकीचं टोक दुसरीच्या टोकाशी जुळवते आणि मजकूर पुन्हा लावते. जिथं भोकं पडतात तिथं बुबलच्या जिवंत चुलतबहिणीचा, म्हणजे आफ्रिकेतल्या हार्टबीस्टचा मजकूर बघून ती भरायची. मग तसा गर्भ बनवायचा आणि हार्टबीस्टच्याच पोटात वाढवायचा.

"आणि रंग किती लागेल?" बाबांनी विचारलं.

मॅडमनी नजर वळवली नाही. "मादीचा आणि वासराचा सगळा. खरवडून."

"नाही," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

इजिप्त सरकारची परवानगी आली, दिल्लीची आली, बाबांची येईना. महिनाभर घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

"बाबा, तुम्ही चित्राची बाजू कशी घेऊ शकता? चित्र पळत नाही, चित्र पीत नाही! एक अख्खा प्राणी परत येतोय!"

"पळणाऱ्याच्या बाजूनं सगळं जग आहे, शलू. ह्याच्या बाजूला मी एकटाच आहे."

"मग त्या कारागिरानं कशाला काढलं ते? ती राहावी म्हणूनच ना?"

बाबा वरण कालवत राहिले. तेव्हा शलाकानं ठेवणीतला बाण काढला. काढायला नको होता, हे तिला काढतानाच कळत होतं.

"आई असती तर काय म्हणाली असती?"

बाबांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन केला.

सहीच्या दिवशी मॅडमनी फॉर्म समोर ठेवला. "एकच प्रश्न राहिला. ह्या दगडाला कधी कुणी तेल, दूध, तूप, काही लावलंय? आपल्याकडं दिसेल त्या दगडाला शेंदूर फासतात, म्हणून विचारते. माणसाच्या हाताचे अंश यंत्र ओळखून बाजूला टाकतं, पण बाकीचं मला माहीत असायला हवं."

बाबा अक्षरशः दोन इंच उंच झाले. "मॅडम, बावीस वर्षं मी इथं आहे. बोटसुद्धा लागलेलं नाही."

दारात हौसाक्कांचा झाडू थांबला. त्यांनी शलाकाकडं बघितलं. शलाकानं डोळा मारणाऱ्या बिबट्याकडं बघितलं. बोल, शलाका, बोल! पण बाबांचा तो चेहरा... आई गेल्यापासून इतका अभिमान तिनं त्यावर पाहिला नव्हता. शिवाय आत्ता बोललं तर मॅडम यंत्र उचलून निघून जाणार, आणि बुबल? एवढंसं तर तूप. साडेचार हजार वर्षांपुढं तुपाचं बोट ते काय!

बाबांनी सही केली.

जिन्यात हौसाक्कांनी तिला गाठलं. "म्या सांगू का सायबास्नी?"

"गप्प बसा ना हो, हौसाक्का. प्लीज."

"मी बसंन गप. तुला बसवंल का?"

रंग बाबांनी स्वतःच खरवडला. परक्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. डोळ्याला भिंग, हातात शस्त्रक्रियेची सुरी. नखाएवढ्या जागेला पाऊण तास. नऊ दिवस चाललं ते. पहिल्या दिवशी पाठ गेली, मग मान, मग शिंगं. वासराचं तोंड त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथला रंग इतर जागेपेक्षा गडद होता. त्याबद्दल त्यांनी पूर्वीच पाटीवर लिहून ठेवलं होतं: 'वासराच्या मुखाशी रंग अधिक गडद. कारागिराची सूक्ष्म जाण.' ती पाटी वाचताना शलाका नेहमी गालातल्या गालात हसायची. त्या दिवशी नाही हसली.

नवव्या दिवशी बाबांनी सुरी ठेवली. कुत्री तशीच झेपावत होती, बाण तसाच ताणलेला होता, ससा तसाच लपला होता. मधल्या जागी मात्र पांढऱ्या दगडात नुसता उंचवटा उरला होता.

"आता हे कुणाची शिकार करतायत कळत नाही," बाबा म्हणाले आणि डोळे पुसून भिंग डबीत ठेवलं.

चौदा महिन्यांनी पुण्याजवळच्या केंद्रात वासरू जन्मलं. मादी! तांबूस, ओलं, लांब तोंडाचं. शलाका दहावीची पूर्वपरीक्षा बुडवून पळाली होती तिथं. काचेपलीकडं ते चार पायांवर उभं राहिलं तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की मॅडमनी तिला बाहेर काढलं, आणि मग स्वतःच बाहेर येऊन तिला मिठी मारून रडल्या. बाबाही आले होते. ते बराच वेळ वासराच्या मानेकडं बघत राहिले आणि म्हणाले, "अगदी तशीच वळवते गं."

पण हार्टबीस्ट आईनं वासराला हुंगलं आणि ती मागं सरली. पुन्हा हुंगलं, पुन्हा सरली. शेवटी पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. वासरू हंबरलं. हंबरलंच ते! आफ्रिकेत काम केलेल्या तिथल्या डॉक्टरांनी चमकून एकमेकांकडं बघितलं. हरणाचं पिल्लू असं हंबरत नाही.

बाटली ते फक्त शलाकाच्या हातून घ्यायचं, ती नसली की तिची ओढणी हाताला गुंडाळून पाजावं लागायचं. का, ते कुणालाच कळलं नाही. परीक्षा झाल्यावर सुट्टीभर ती केंद्रातच राहिली. हौसाक्कांनी फोनवरून नाव ठेवलं, वसू. वसू शलाकाच्या ओढणीचं टोक चघळायची, ढुशी मारायची. बाटली रिकामी झाली की अशा काही नजरेनं बघायची, जणू दूध शलाकानंच पिऊन टाकलंय.

तिसऱ्या महिन्यात ती लंगडायला लागली. बुबल म्हणजे वाऱ्याच्या जातीचा प्राणी. वसू पळायला गेली की तिचे मागचे पाय एकमेकांत अडकायचे. मग सांधे सुजले. मग चारा पचेना. तिचं रक्त तिच्याच सांध्यांवर तुटून पडतंय, असं मॅडम म्हणाल्या. वेदना थांबवायची इंजेक्शनं आधी दिवसाला एक, मग तीन.

"काहीतरी मुळात चुकलंय," मॅडमनी शलाकाला सांगितलं. त्या आठवडाभर झोपल्या नसाव्यात. "तिच्यात काही मजकूर गाईचा वाटतोय. पण गाय आणि बुबल एकाच घराण्यातल्या. मूळ बुबलच तिथं गाईसारखी असेल तर? बाहेरून गाईचं काही मिसळलं असतं तर ते तुकडे ताजे, धडधाकट असते. तसे जे होते ते मी फेकून दिले. हे तर उकळून झिजलेले आहेत, सरसातल्यासारखेच."

उकळून. शलाकाला घरचं स्वयंपाकघर आठवलं. आईचं ते पातेलं, कढणारं लोणी, घरभर सुटलेला वास. तूपही कढवूनच करतात.

"आणखी दोघी हार्टबीस्ट गाभण आहेत," मॅडम सांगत होत्या. "ह्याच मजकुराचे गर्भ. फक्त वसूचंच नशीब वाईट असेल तर ती दोन वासरं धडधाकट जन्मतील. पण मजकूरच भेसळीचा असेल तर तीही अशीच कण्हत जगतील. मग मला ते गर्भ थांबवावे लागतील. आणि मग संपलं, शलाका. खरवडायला आता रंग उरलेला नाही. बुबल कायमची गेली." त्यांनी डोळे चोळले. "मला खात्री नाही. आणि खात्री नसताना मी थांबवणार नाही."

म्हणजे ती खात्री जगात फक्त दोघीच देऊ शकत होत्या. एक हौसाक्का, आणि एक ती स्वतः.

शलाका त्याच दुपारी एसटीत बसली. साडेपाच तास ती स्वतःशी भांडत होती. नाही सांगितलं तर? कदाचित ती दोन होतील ठीक. कदाचित! मग वसूचे सुजलेले गुडघे डोळ्यांपुढं यायचे. ह्याचंच आणखी दोनदा? करंजगडला उतरली ती तडक संग्रहालयात गेली. संग्रहालय बंद झालं होतं, पण बाबा अजून दगडासमोरच होते, कठडा पुसत.

"बाबा, आई ह्याला तूप लावायची."

तिनं सगळं सांगितलं. राणीसाहेब, हौसाक्कांची सासू, आई, मग ती स्वतः. सांगून झाल्यावर त्यांनी पाटीकडं बघितलं. 'कारागिराची सूक्ष्म जाण.' त्यांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

"कुठलं तूप?"

"तुमच्या डब्यातलं."

"मी तिला म्हणायचो, आज तूप कमी घातलंस," बाबा सावकाश म्हणाले. "ती म्हणायची, तुमचं कोलेस्टेरॉल."

शलाकाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"सहीच्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुम्ही किती ताठ मानेनं म्हणालात, बोटसुद्धा लागलेलं नाही. आणि..." खोटं बोलायचं नव्हतं आता. "आणि मला बुबल बघायची होती. कसंही करून."

बाबांनी दगडाच्या पांढऱ्या उंचवट्यावरून नजर फिरवली. नऊ दिवस. मग त्यांनी फोन काढला, मॅडमचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

"तू बोल. मी बोललो तर तुला वाचवायला काहीतरी पदरचं घालीन."

पलीकडं मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला, "तूप गाईचं? घरी कढवलेलं?"

"हो."

"हे सांगून काय झालं, ते कळतंय ना तुला?"

"हो, मॅडम."

"मला तेव्हाच सांगितलं असतंस तर रंग दगडावरच राहिला असता," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात दोन्ही गर्भ थांबवले. वसूसाठीही करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि इंजेक्शनं पुरेनाशी झाली होती. मॅडमनी फोन करून तिला कायमचं झोपवायचा दिवस कळवला. शेवटी जोडलं, "तू नसलीस तर ती घाबरेल. पण ये असं मी म्हणणार नाही."

बाबा बरोबर आले. त्या संध्याकाळनंतरच्या आठ दिवसांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. डबा भरून ठेवायचे, कपड्यांना इस्त्री करून ठेवायचे, पण बोलायचे नाहीत. गाडीतही ते खिडकीबाहेरच बघत होते.

सकाळचं कोवळं ऊन गवतावर पडलं होतं. वसू आडवी होती. शलाकाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, मागचे आलेच नाहीत. शलाका पटकन खाली बसली आणि तिचं लांबोडकं डोकं मांडीवर घेतलं. वसूनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. चघळण्याएवढी ताकद नव्हती, नुसतंच धरलं. बाबा पलीकडून येऊन गवतात बसले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जिथं कातडी थरथरत होती तिथं. सुई गेली. शलाका बोलत राहिली, काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, शाळेतलं, बिबट्याचं, काहीबाही. ओढणीवरची पकड सुटली तरी ती थांबली नाही. मॅडमनी खांद्याला हात लावला तेव्हा थांबली.

केंद्रात नोंदी ठेवणाऱ्या बाई वही घेऊन आल्या. त्यांचाही आवाज बसला होता. वेळ लिहिली, वय लिहिलं. "जात काय लिहू?"

बुबल लिहिता येत नव्हतं. गाय लिहिता येत नव्हतं.

एका वेलांटीसाठी अख्खी पाटी पुन्हा रंगवून घेणारे बाबा गवतातून म्हणाले, "वासरू लिहा."

"अशी जात नसते, साहेब."

"माहितीये मला. लिहा तरी."

बाईंनी लिहिलं. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, कपडे न झटकताच ह्या बाजूला आले आणि हात पुढं केला. "शलू, पाय आखडले असतील. ऊठ."

शलाकानं हात धरला. पण वसूचं डोकं अजून तिच्या मांडीवर होतं, आणि ते उचलून खाली कुणी ठेवायचं, हे दोघांनाही ठरवता येईना.